लेणी सोडून बोला

गुरुजी वही घेऊन एखाद्या घरात शिरले की अजिंठ्यात समोरच्या ओट्यावरून हमखास विचारणा होते, "काहून हो, आजीचं जास्तच आहे का?" गुरुजींच्या कामाला एक शिस्त आहे. ज्याचं वय जास्त आणि तब्येत नाजूक, त्याच्याकडे आधी जायचं. तरणीबांड माणसं काय, पुढच्या वर्षीही भेटतील. त्यामुळे ती लांबडी वही आणि शर्टाच्या खिशातली दोन पेनं उंबऱ्याशी दिसली की घरातली मंडळी पुण्या-मुंबईच्या लेकांचे नंबर शोधायला लागतात. डॉक्टर 'काळजीचं कारण नाही' म्हणून गेलेले असतात. पण गुरुजी येऊन गेले, म्हणजे कारण आहे. एक आजोबा महिनाभर खाटेला खिळून होते. गुरुजींनी त्यांना "तुमच्या लहानपणी रात्री वेशीचं दार लावायचे का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा काठी टेकत मळ्यात. अजून आहेत.

एक आजी मात्र गुरुजींच्या तातडीच्या यादीत कित्येक वर्षांपासून पहिल्या क्रमांकावर आहेत आणि जागा सोडायला तयार नाहीत. त्यांच्या तोंडून गुरुजींनी वह्यांवर वह्या भरल्या. एका वहीत आजींची वरात गावात एका वेशीतून आली, दुसऱ्या वहीत दुसऱ्या वेशीतून, तिसऱ्या वहीत पावसामुळे वरात आलीच नाही, नवरदेव एकटाच आला. गुरुजींनी समासात सगळीकडे लाल पेनानं 'पाठभेद' लिहून ठेवलंय. खरी गोम काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या मंडळींनी, शोधून काढली. गुरुजी आले की आजींची सून आलं घालून चहा करते, एरवी करत नाही. एकदाच सगळं खरं सांगून टाकलं तर गुरुजी उद्या कशाला येतील?

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. गावात त्यांना 'गॅझेट गुरुजी' म्हणतात. खरं नाव मी सांगत नाही, सांगितलं तर कन्नडचे, वैजापूरचे वाचक म्हणतील, छे, हे तर आमच्याच गावचे, नाव तेवढं बदललंय. निजाम सरकारच्या अमदानीत १८८४ साली छापलेल्या औरंगाबादच्या इंग्रजी गॅझेटिअरची झेरॉक्स त्यांच्याकडे आहे. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यानं ती आता इतकी पुसट झालीय की वाचायला गुरुजीच लागतात, आणि गुरुजी न उमटलेल्या ओळीही वाचतात. १९७७ सालचं आपल्या सरकारचं गॅझेटिअरही आहे. त्याच्या समासात गुरुजींनी सरकारला पेन्सिलीनं उत्तरं दिलेली आहेत. या दोन्ही ग्रंथांत मिळून गावाच्या वाट्याला आलेल्या ओळींनी त्यांचं समाधान झालेलं नाही, म्हणून ते स्वतः लिहितायत. ग्रंथाचं नाव 'अजिंठा : गाव आणि परिसर'. त्याखाली कंसात, 'लेणी सोडून'.

हा कंस म्हणजे गुरुजी.

"लेणी गावात नाहीत," हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणतात, असं काकू सांगतात. आणि ते खरंच आहे. गाव घाटाच्या माथ्यावर. लेणी घाट उतरून खाली, वाघूर नदीच्या वळणावर, दहा-अकरा किलोमीटर लांब. त्यांच्या जवळची वस्ती म्हणजे लेणापूर, बाजाराचं गाव फर्दापूर, आणि फर्दापूर पडतं सोयगाव तालुक्यात. अजिंठा सिल्लोड तालुक्यात. "आमचं फक्त नाव नेलं," गुरुजी म्हणतात, "आणि वापस आणून दिलं नाही." त्यात १९८३ साली युनेस्कोनं त्या नावावर जागतिक वारशाचा शिक्का मारला, तेव्हापासून तर परत मिळण्याची आशाच सुटली.

लेण्यांवर जगात किती लिहिलं गेलं, हे गुरुजींइतकं कोणाला ठाऊक नसेल, कारण त्यांच्या तक्रारीचं मूळच ते आहे. ग्रिफिथ्सनं लिहिलं, लेडी हेरिंगहॅमनं नंदलाल बोसांसारखे चित्रकार आणून नकला करवल्या आणि पुस्तक काढलं, निजामाच्या पुरातत्त्व खात्याच्या गुलाम याझदानींनी मोठाले खंड काढले. अमेरिकेच्या वॉल्टर स्पिंकनं तर वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली एकेक लेणी कोणत्या वर्षी कुठवर खोदून झाली होती, याचा ताळेबंद मांडला. "त्या साहेबानं पाचव्या शतकातलं वरसावरसाचं सांगितलं," गुरुजी उसासा टाकतात, "आणि आमच्या वेशीचं दार कोणत्या साली निखळलं, हे सांगायला गावात माणूस नाही. परवापरवाची गोष्ट."

माझ्या मते गुरुजींचा मुद्दा बिनतोड आहे. त्यांना तो थोडक्यात सांगता येत नाही, एवढीच अडचण.

जॉन स्मिथचा विषय काढला की ही अडचण फार मोठी होते. मद्रासकडच्या घोडदळातला हा अधिकारी १८१९च्या एप्रिलमध्ये वाघाच्या शिकारीला आला, त्याला लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव आणि २८ एप्रिल ही तारीख खरवडून तो निघून गेला. नाव आज माणसाच्या उंचीच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेणं गाळानं भरलेलं होतं आणि साहेब गाळावर उभा होता. आज कोणी पोरानं तिथे नाव कोरलं तर पोलीस येतील. स्मिथ मात्र 'शोधक' म्हणून शाळेच्या पुस्तकात गेला. गुरुजींनी तीस-पस्तीस वर्षं हा धडा वर्गात शिकवला आणि दर वर्षी 'शोधक' शब्दाशी थांबून विचारलं, "साहेबाला वाट कोणी दाखवली?" गोष्ट अशी सांगतात की एका गुराख्याच्या पोरानं त्याला ती जागा दाखवली. गुरुजींच्या हयातीतलं मुख्य संशोधन म्हणजे त्या पोराचं नाव.

हे कळल्यापासून खालच्या गावांत पोरं उगवायला लागली. लेणापुरात एक घर म्हणालं, तो आमचा खापरपणजा. फर्दापुरात दुसरं घर म्हणालं, छे, आमचा, त्यांचा तर तेव्हा बैलांचा धंदा होता, गुरं कुठली? एका घरानं तर पुरावा म्हणून काठी आणली. काठीला शेंदूर लावून देव्हाऱ्यात ठेवलेली. गुरुजींनी काठीचं माप घेतलं, लाकूड कोणतं ते लिहून घेतलं आणि 'अनिर्णित' असा शेरा मारला. त्या शेऱ्यामुळे त्या घरानं पुढच्या दिवाळीला त्यांना फराळाला बोलावलं नाही. गुरुजींना त्याचं काही नाही. "उद्या नाव सापडलं," ते म्हणतात, "तर स्मिथच्या खालती तेही कोरायला पुरातत्त्वकडे अर्ज टाकणार." आणि थोडं थांबून, "परवानगी घेऊन."

लेणी सोडून बोलायचं म्हटल्यावर गावाकडे काय उरतं, असं कोणी विचारलंच, तर गुरुजी त्याला तटबंदीपाशी नेतात. तिथून १८०३च्या २३ सप्टेंबरपर्यंत जायला त्यांना अर्धा मिनिट लागतो. त्या दिवशी असईला वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. जिंकूनही त्याची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जायबंदी झाली. जखमींना आणलं ते अजिंठ्याला. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव केला. गुरुजींच्या हस्तलिखितात या प्रकरणाला उपशीर्षक आहे: 'नेपोलियनच्या पराभवात अजिंठ्याच्या पाण्याचा वाटा'.

पण इतिहास लिहिणाऱ्याची खरी गाठ पडते ती महसूल खात्याशी. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला आणि भोकरदन तालुका तिकडे गेला. त्याच्याबरोबर असईची लढाई गेली. अन्व्याचं ते कोरीव देऊळ गेलं. खुद्द भोकरदन, म्हणजे जुनं भोगवर्धन, तेही गेलं. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवर जिथल्या लोकांची दानं कोरलेली आहेत, उत्खननात जिथे हस्तिदंताची बाई सापडली, ते गाव. 'आपला जिल्हा' या भागातली गुरुजींची लिहून झालेली प्रकरणं एका रात्रीत परजिल्ह्यात. कोणी सांत्वन करायला गेलं तर गुरुजी म्हणाले, "लढाई जालन्याला गेली. जखमी आमच्याकडेच राहिले." आणि त्या हिशेबानं त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं.

ते होत आलं तोवर २०२३ उजाडलं आणि जिल्ह्याचंच नाव बदललं. मुखपृष्ठ नव्यानं करावं लागलं, ते समजण्यासारखं. पण गुरुजींचा नियम असा की ज्या काळाचं बोलणं त्या काळाचं नाव. म्हणून त्यांच्या मजकुरात मलिक अंबर आहे तिथे खडकी, त्याचा मुलगा फतेहखान आला की फतेहनगर, औरंगजेबापासून औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. एकाच पानावर माणूस खडकीहून निघतो आणि फतेहनगरला पोचतो, चालतो मात्र कुठेच नाही. टायपिंग करणाऱ्या पोरानं शोधून-बदलण्याचं बटण एकदाच दाबलं आणि मलिक अंबरानं छत्रपती संभाजीनगर वसवलं. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. पोरानं काम सोडून मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

मोडी गुरुजींना येते. उर्दू येत नाही, आणि निजामाच्या राज्यातल्या गावाचा इतिहास उर्दूशिवाय निम्मा मुका. म्हणून चाचा. चाचांच्या घरात दोन पिढ्या दफ्तराचं काम होतं. बरू लागल्यासारखी बोटं आणि भिंगाशिवाय वाचणारे डोळे. दोघं दुपारी चहाच्या टपरीवर बसतात आणि भांडतात. भांडणाचा मुख्य विषय फसली सन. निजामी कागदांवर साल फसली असतं. चाचांचं गणित सोपं: "गुरुजी, पाचसौ नव्वद मिलाव, काम खतम." गुरुजींचं म्हणणं, काम तिथेच सुरू होतं. फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं उघडतं, म्हणजे महिना पाहिल्याशिवाय पाचशे नव्वद की पाचशे एक्याण्णव, हे ठरत नाही. १३४६ फसलीत खोदलेली एक विहीर १९३६ची की १९३७ची, यावरून दोघं एक अख्खा उन्हाळा बोलत नव्हते. विहीर कोरडी आहे. टपरीवाल्यानं दोघांना वेगवेगळ्या वेळा नेमून दिल्या होत्या.

गंमत म्हणजे साऱ्या गावाच्या तारखा नक्की करणाऱ्या गुरुजींचा स्वतःचा जन्म १ जूनचा आहे. त्यांच्या पिढीतल्या असंख्यांना शाळेत घालताना हेडमास्तरांनी हीच तारीख वाटली. चाचांचीही तीच. दर वर्षी त्या दिवशी दोघं एकमेकांना पेढा देतात आणि "पुराव्याअभावी" असं म्हणतात.

एका प्रकरणावर मात्र त्यांचं भांडण झालं नाही. सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शन, त्याच्या आधीचे रझाकारांचे महिने आणि नंतरचे दिवस. त्या सालाबद्दल विचारलं की गावातली म्हातारी माणसं, मग ती कोणत्याही आळीतली असोत, चहा थंड होऊ देतात. गुरुजींनी आपल्या आळीतलं लिहिलं, चाचांनी आपल्या. दोघांनी एकमेकांचं वाचलं, कोणी कोणाच्या ओळीला हात लावला नाही, आणि समोरासमोरच्या पानांवर छापायचं ठरलं. साऱ्या ग्रंथात पाठभेदांचा शेरा नसलेलं हे एकच प्रकरण.

बाहेरून येणाऱ्यांना यातलं काही नको असतं. त्यांना पारो हवी असते. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला, गावात बारादरीत राहिला आणि वर्षानुवर्षं रंगवत बसला. त्याची प्रेयसी म्हणून सांगतात ती ही पारो. तिची कबर गावात आहे, कबरीवर २३ मे १८५६ ही तारीख आहे. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं, नितीन देसाईंनी २०१२ साली त्यावर सिनेमा काढला, आणि गुरुजींच्या दारात जोडपी यायला लागली. "महानोर कवी होते, शेजारच्या पळसखेड्याचे होते, त्यांना सगळं माफ," गुरुजी म्हणतात. "पण कबरीवर एक नाव, एक तारीख आणि एक मायेचा शब्द आहे. बाकीचा संसार तुम्ही लोकांनी भरला." मग ते जोडप्याला कबर दाखवतात आणि परतीच्या वाटेवर असईच्या जखमींची माहिती देतात. जोडपी पुन्हा येत नाहीत.

गिलबद्दल त्यांना वेगळीच आपुलकी आहे आणि तिचं कारण आग आहे. गिलनं इतकी वर्षं खपून केलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सनं १८७२पासून विद्यार्थी घेऊन पुन्हा सगळ्या नकला करवल्या. त्यातल्या कितीतरी १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये जळाल्या. यावरून गुरुजींनी सिद्धान्त काढला की अजिंठ्याबद्दलचं काहीही एका छपराखाली ठेवायचं नाही. म्हणून हस्तलिखित पाच घरांत विभागलेलं आहे. वेस-तटबंदी मुलीकडे सिल्लोडला, निजामी अंमल चाचांच्या ट्रंकेत, दुष्काळ भावाच्या कोठीत, जत्रा आणि बाजार देवळाच्या पुजाऱ्याकडे आणि तळटिपा घरी. कोणतं प्रकरण नेमकं कुठे, याची यादी केली होती. ती सहाव्या घरी आहे. घरी काडेपेटी काकूंच्या कनवटीला असते. गुरुजींसमोर उदबत्ती लावायची सोय नाही. "एवढं आगीला भिताय," काकू म्हणतात, "अन् कसरीनं निम्मं खाल्लं ते?" कसरीवर गुरुजींचा सिद्धान्त नाही.

छापायचं का नाही, हा प्रश्न विचारणं आता लोकांनी सोडून दिलंय. प्रस्तावना मात्र तयार आहेत. मराठवाड्यातल्या एकेका नामवंत अभ्यासकाकडून गुरुजींनी त्या वेळोवेळी लिहून घेतल्या. ग्रंथ निघेना आणि प्रस्तावनाकार एकेक करून निघून गेले, त्यामुळे आता कोणी नवी प्रस्तावना द्यायला धजत नाही. पैशाचीही सोय एकदा झाली होती. एका पुढाऱ्यानं सगळा खर्च देऊ केला, अट एकच, त्यांच्या आजोबांवर एक प्रकरण. गुरुजींनी इमानदारीनं आजोबांचे कागद शोधले, आणि जे सापडलं ते इमानदारीनं लिहिलं. सारा बुडवल्याचं. खर्चाचं तिथेच राहिलं.

गुरुजींचे दिवस फिरले ते २०२३च्या शेवटी. न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तरं उघडली आणि मोडी नि उर्दू वाचणाऱ्या माणसाला मराठवाड्यात एकदम भाव आला. ज्या गुरुजींना लग्नाच्या पंक्तीत लोक टाळायचे, त्यांच्या ओट्यावर गाड्या लागायला लागल्या. पिशव्यांतून, पत्र्याच्या डब्यांतून, कुठे कुठे जुन्या पातळात गुंडाळून कागद यायचे. आणलेल्या माणसाला एकच शब्द हवा असायचा, आणि गुरुजी पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे.

"वा! बांधावरच्या आंब्याचा वाद आहे. अर्धे आंबे याचे, अर्धे त्याचे, आणि पाडाचे राखणदाराचे..."

"गुरुजी, आंबे राहू द्या. जातीचा रकाना बघा."

"बघतो. पण इथे साक्षीदार पाहा, पाटील आहे, मुलाणी आहे..."

"गुरुजी, तहसीलला पाच वाजता बंद होतं हो."

गुरुजी फी घेत नव्हते. पानाचा फोटो काढू द्यायचा, एवढीच अट. त्या काही महिन्यांत त्यांच्याकडे जेवढे कागद जमले, तेवढे मागच्या सबंध आयुष्यात जमले नव्हते. परिणामी ग्रंथ आणखी लांबला.

इतकं सगळं असूनही गुरुजींचं प्रकाशित साहित्य अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. लेणी बघायला निघालेले प्रवासी नाव वाचून चुकून गावच्या बसस्थानकावरच उतरतात. बाकीच्या दिवशी रिक्षावाले त्यांना उचलतात. सोमवारी लेणी बंद असतात आणि तेव्हा ते गुरुजींच्या तावडीत सापडतात. सोमवार हा गुरुजींचा सण. मागे एका सोमवारी पाठीवर पोतं घेतलेलं एक परदेशी जोडपं संध्याकाळपर्यंत तट, बारादरी, कबर आणि आजींची वरात असं सगळं बघून, अतिशय थकून आणि गुरुजींचे आभार मानून जळगावच्या बसमध्ये बसलं. इतर जण इतके समजूतदार नसतात. तक्रारी वाढल्या तेव्हा पंचायतीनं स्थानकाबाहेर फलक लावायचं ठरवलं आणि मजकूर लिहायला गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी चार फुलस्केप दिले. सुरुवात सातवाहनांपासून. पेंटरनं त्यातली शेवटची ओळ तेवढी रंगवली: 'लेणी येथे नाहीत. पुढे १० किलोमीटर.'

गुरुजींनी लगेच हरकत घेतली. अंतर बसस्थानकापासून की वेशीपासून, आणि वेशीपासून असेल तर कोणत्या? शिवाय लेण्यांपर्यंत म्हणजे पायथ्यापर्यंत, पहिल्या लेण्यापर्यंत की थेट सव्विसाव्यापर्यंत? त्यांनी सगळी अंतरं पायी मोजून तळटीप तयार करून दिली आहे. पेंटर म्हणतो, तळटीप घालायला फलकावर जागा नाही.

"मग लेणी काढा," गुरुजी म्हणाले. "जागाच जागा होईल."